मागच्या सीटचं कोण ऐकतं?

“आई, ही साधी गाडी नाहीये हं, स्पोर्ट्स कार आहे!”

आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून जुनी गाडी घरी आणली, त्या दिवशीचं हे वाक्य. लालभडक रंग, टर्बो इंजिन, आवाज असा की साताऱ्याच्या राजपथावरून निघाली की माणसं वळून बघणार. पाच दरवाजांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर बापलेकांचा वाद रंगला. मी आपलं गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मोकळी झाले. मराठी घेऊन बी.ए. केलेली मी, मला गाडीतलं काय कळतंय? मागच्या सीटवर बसायचं, मांडीवर डब्यांची पिशवी घ्यायची आणि कुणाला मळमळू नये म्हणून आवळासुपारी वाटायची, एवढाच माझा आणि गाडीचा संबंध!

सप्टेंबरात कासची फुलं बघायला गेलो. पुढे मुलगा आणि हे, मागे मी आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. फुलं बघून झाली, पिठलं-भाकरी झाली. परत येताना यवतेश्वरच्या घाटात भुरभुर पाऊस लागला. एका वळणावर मधोमध खड्डा होता. मुलाला तो उशिरा दिसला आणि त्यानं वळणातच ब्रेक दाबला. पुढच्या दोघांना नुसता दचका बसला. मागे मात्र भलतंच झालं. गाडीचं मागचं अंग टुणकन उडालं, थरथरलं आणि केरसुणीनं लोटावं तसं बाहेरच्या बाजूला सरकलं. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. गाडी सावरली. समोरून त्या वेळी काही आलं नाही, म्हणून आज हे लिहायला मी आहे.

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “सस्पेन्शन बदलायला पाहिजे.” दोन दिवसांत त्याची यादी तयार झाली. गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा, रेसिंगचे शॉकअप आणि मागच्या बाजूला एक जाड लोखंडी बार. खर्च ऐंशी हजार! “मग बघ आई, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल.”

मी म्हटलं, “पैसे तुझे आहेत बाबा, पण मागच्या सीटवर बसणारी माणसं माझी आहेत. ठरवायला मी पण येणार.”

तो हसला. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “जा गं तू. पुढच्यांना मागचं कळत नसतं.”

त्यांचं बोलणं उगाच नव्हतं. आमच्या घरी सासऱ्यांची ‘प्रिया’ स्कूटर होती. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली. सातव्या महिन्यात तपासणीला मी त्या स्कूटरवर मागे बसून जायची. प्रत्येक खड्ड्याला पोटावर हात जायचा. “मागचं चाक लई आदळतंय, हळू घ्या,” हे सांगणाऱ्या घरात फक्त सासूबाईच. कारण त्याही आयुष्यभर मागेच बसलेल्या! आपल्याकडे वडापच्या जीपमध्येसुद्धा बायका, म्हातारी माणसं, पोरं कुठे असतात? मागच्या आडव्या बाकावर. गाडीचं मागचं अंग कसं वागतं, याचं खरं ज्ञान आपल्यालाच असतं. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नसतं आणि कुणी विचारतही नाही.

मग मी ते समजून घ्यायचं ठरवलं. माझं माहेर सांगलीकडचं. भावाची मुलगी सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला शिकते. दिवाळीआधी माहेरी जायचंच होतं. भावाच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री शंभर फुटी रोडला आहेत, त्यांना गाडी दाखवायची ठरली. साताऱ्याहून कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीपर्यंत मी मुद्दाम एकटी मागे बसले. हातात वही-पेन्सिल. प्रत्येक गतिरोधक गेला की गाडी किती हेलकावे खाते ते मोजायचं. पुढचं नाक एकदा खाली-वर होऊन गप्प बसायचं. मागचं अंग मात्र तीन-तीन वेळा! मुलगा आरशातून बघून हसत होता. पण सांगलीत पोचेपर्यंत माझ्या वहीत दोन पानं भरली होती.

भाचीनं ती वही बघितली आणि म्हणाली, “आत्या, तू तर पूर्ण चाचणीच घेतलीस की!” मग चहाचा कप बाजूला सारून तिनं मला समजावून सांगितलं. तेच माझ्या भाषेत सांगते.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि परत उसळते. पण स्प्रिंग एकटी असली तर ती उसळतच राहील. पाळण्याला झोका दिला की तो कितीतरी वेळ हलतो ना, तसं. तो थांबवायला आईचा हात लागतो. तो हात म्हणजे शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. चकलीचा सोऱ्या आठवा! हळू दाबला तर पीठ सावकाश येतं, जोरात दाबला तर तो जास्त अडून बसतो. शॉकअपमधलं तेल असंच अडून बसतं आणि स्प्रिंगची उसळी जिरवतं. तेल गळून गेलं की सोऱ्या रिकामा. मग चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी चेंडूसारखं टपटप उडत राहतं. आणि जे चाक हवेत आहे, ते गाडीला धरणार कसं?

“पण मग मागचंच अंग का सरकलं?” मी विचारलं.

याचं उत्तर मला माझ्या वडिलांच्या बैलगाडीत सापडलं. आमच्याकडे कडबा भरताना वडील मागे-पुढे होऊन बघायचे. मागे ओझं जास्त झालं की गाडी ‘उलाळ’ व्हायची, जू वर उचलायचं. पुढे जास्त झालं की ‘धुरजड’, बैलांच्या मानेवर सगळा भार. मोटारीला ब्रेक लावला की ती क्षणभर धुरजड होते. सगळा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी पडतात. सरळ रस्त्यावर ते खपून जातं. वळणात, ओल्या रस्त्यावर, शॉकअप मेलेला असताना मात्र मागच्या चाकांची पकड सुटते. त्या दिवशी यवतेश्वरला नेमकं हेच झालं होतं. शिवाय वळणातच ब्रेक दाबला होता. वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे. हे ऐकताना चिरंजीव खिडकीबाहेर बघत होते.

भाचीनं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. अमेरिकेत १९६० सालचं मॉडेल म्हणून ‘शेवरले कॉर्व्हेर’ नावाची गाडी आली. इंजिन मागे, त्यामुळे आपल्या भाषेत जरा उलाळच! मागच्या चाकांची बांधणी अशी होती की जोराच्या वळणात चाक तिरकं होऊन आत मुडपायचं आणि मागचं अंग एकदम निसटायचं. त्यावर कंपनीचा उपाय होता हवेचा. पुढच्या चाकांत १५ पॉइंट आणि मागच्या चाकांत २६ पॉइंट हवा ठेवा! आता पंपावर कोण एवढं लक्षात ठेवणार? राल्फ नेडर नावाच्या वकिलानं १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच प्रकरण या गाडीवर. कंपनीनं १९६४ च्या गाडीत मागे एक जादा पाट्याची स्प्रिंग घातली होती, आणि १९६५ च्या मॉडेलमध्ये मागचं सस्पेन्शनच नवीन केलं. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीत ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला. पण त्या गदारोळातूनच १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. गाडीच्या मागच्या चाकांवरून एका देशात कायदा होतो, आणि आपण मात्र “मागे काय, बसायचंच तर आहे” म्हणतो!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. साठीचे गृहस्थ, हात कोपरापर्यंत काळे. मुलानं त्यांच्यापुढे आपली यादी धरली. त्यांनी ती वाचलीच नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली.

“किती झालं, ताई?”

“तीन,” मी म्हटलं.

“चांगला शॉकअप असला की वर येऊन गप बसती गाडी. हा गेलाय.” मग त्यांनी गाडी वर उचलली. उजव्या बाजूच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. मागच्या दांड्याच्या रबरी बुशांना भेगा. आपल्या कुकरची रिंग जुनी झाली की कशी कडक होते, तशी ती रबरं झाली होती. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत, आणि तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे! गाडी विकणाऱ्यानं चांगले टायर पुढे दिसतील असे लावले होते.

“आता मला सांगा,” मिस्त्री मुलाला म्हणाले, “घराचं छप्पर गळतंय आन् तुमी रंग कंचा द्यायचा इचारताय. आधी हाय ते नीट करा की!”

एवढं ऐकूनही मुलाची हौस फिटली नव्हती. त्याला खरंच चांगली वळणारी गाडी हवी होती, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून मग आम्ही चौघांनी, म्हणजे मी, मुलगा, भाची आणि मिस्त्री यांनी, त्याची यादी एकेक करून तपासली.

पहिलं, कडक आणि बुटक्या स्प्रिंगा. गाडी खाली बसली की वळणात कमी कलते, हे खरं आहे. पण चाकाला वर-खाली व्हायला जागाही कमी उरते. आपल्याकडच्या गतिरोधकावर मागे दोन माणसं बसलेली असली की ती खालच्या रबरावर जाऊन आदळणार. आणि आदळली की चाक उडणार. भाची म्हणाली, “आत्या, विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेतल्या गाड्या म्हणजे रेसच्याच गाड्या. त्यांच्या नियमांतसुद्धा चाक निदान दोन इंच वर-खाली झालं पाहिजे असं आहे, आणि तेही चालक आत बसलेला असताना मोजायचं.” म्हणजे रेसची गाडीही दगडासारखी कडक नको असते! शिवाय कडक स्प्रिंगला तिच्या जोडीचाच शॉकअप लागतो. जोर वाढवला आणि आवरणारा हात तोच ठेवला, तर उसळी वाढणारच. काही ठिकाणी पैसे वाचवायला आहे तीच स्प्रिंग कापून बुटकी करतात. मिस्त्री म्हणाले, “ते पाप मी करणार न्हाई.” कापलेली स्प्रिंग तिच्या वाटीत नीट बसत नाही, आणि मोठ्या खड्ड्यात जागची हलू शकते.

दुसरा तो जाड बार. याचं काम मला सगळ्यात उशिरा कळलं. गाडी वळणात कलते तेव्हा एका बाजूचं चाक दबतं, दुसरं सैल पडतं. बार दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधतो आणि कलणं कमी करतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं नाक वळणात बाहेर जायला बघतं. मागे जाड बार लावला की ते चटकन आत वळतं, म्हणून हौशी मुलांना तो आवडतो. पण यातली मेख अशी की नाक वळतं ते मागच्या चाकांची पकड थोडी कमी करूनच! कोरड्या ट्रॅकवर, एकट्या चालकाला त्यात मजा असेल. ओल्या घाटात, मागे आजी बसलेली असताना? ज्या दुखण्यासाठी आम्ही आलो होतो, तेच वाढवणारं औषध मुलानं यादीत लिहिलं होतं.

तिसरं, शॉकअप. इथे मात्र खर्च करावा असं सगळ्यांचं एकमत झालं. मूळ मापाचेच, पण गॅस भरलेले. सारखं घुसळून तेलाला फेस आला की त्याचा जोर जातो. आतला नायट्रोजन तो फेस धरू देत नाही. एकच खराब असला तरी बदलायची जोडीच, नाहीतर गाडी एका अंगानं एक आणि दुसऱ्या अंगानं दुसरंच वागते.

एक कायद्याची गोष्टही मी मध्ये घातली. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला आडकाठी करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागानं बदलणं ही दुरुस्ती. गाडीची उंची आणि ठेवणच बदलायची तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारलेलं बरं.

शेवटी काय झालं? मागचे दोन शॉकअप, त्यांची रबरं, बुश, दोन नवे टायर आणि चाकांचं अलाइनमेंट. नवे टायर मिस्त्रींनी मागे लावले. मला वाटायचं, स्टिअरिंग पुढे, म्हणजे चांगले टायर पुढेच हवेत. पण पुढचं चाक घसरायला लागलं तर चालकाला स्टिअरिंगमध्ये कळतं, मागचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. सगळं मिळून वीस-बावीस हजारांत झालं. चिरंजीव दोन दिवस गाल फुगवून होते. “एवढं करून गाडी बघणाऱ्याला तशीच दिसते,” म्हणाले. बरोबरच आहे. चांगला शॉकअप कुणाला दिसत नाही. घरातल्या बाईच्या कामासारखंच आहे त्याचं, बंद पडलं की कळतं!

मैत्रिणींनो, घरी गाडी असेल, मग ती स्पोर्ट्स कार असो नाहीतर भाजीचा टेम्पो, एवढं नक्की करा. गाडी सपाटीवर उभी असताना मागचा एकेक कोपरा दाबून सोडा आणि हेलकावे मोजा. चाकामागे वाकून तेलाचा ओघळ दिसतो का बघा. टायरवरून हात फिरवा, चट्टे-उंचवटे लागले तर चाक नाचतंय असं समजा. दरवाजाजवळच्या पट्टीवर हवेचा आकडा लिहिलेला असतो, माणसं कमी आणि माणसं भरलेली असे बहुधा दोन आकडे असतात, ते वाचा. आणि “मागून कसं वाटतं” हे कुणी विचारलं नाही तरी सांगा. मी बचत गटाच्या बैठकीत हे दाखवलं तेव्हा सगळ्या हसल्या. पुढच्या बैठकीला एकजण हळूच म्हणाली, “वहिनी, आमच्या टेम्पोचा डाव्या अंगाचा गेलाय. चार वेळा हलतोय. मालकांना सांगितलं.” तो टेम्पो रोज पहाटे मेढ्याच्या घाटरस्त्यानं माल आणि माणसं घेऊन जातो.

अजून एक. मागच्या सीटचा पट्टा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलं म्हणजे आपण सुरक्षित, हा आपला गैरसमज आहे. आमच्या गाडीत आता सासूबाईंचा पट्टा मी लावते आणि माझा त्या तपासतात.

परवा पुन्हा यवतेश्वरला देवदर्शनाला गेलो होतो. तेच वळण. खड्डा बुजवलाय, पण बुजवलेल्या डांबराचा उंचवटा झालाय. मुलानं वळणाच्या आधीच वेग उतरवला. उंचवटा आला, गेला. गाडी एकदा दबली आणि गप्प बसली. माझी पेन्सिल आता सोबत नव्हती, पण मी मनात ‘एक’ म्हटलं.

मुलानं आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, “आज्जी, मागं बरंय का?”

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “कधी वळलास?”